मांड, रिकीब आणि पोटरीवरचे वळ

पाचगणीच्या टेबललँडवर रविवारी घोड्यावरून उतरलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. दोन्ही पाय फाकवून, गुडघे न वाकवता तो सरकत असतो. बरोबरची मंडळी हसतात, कुणी त्याचा व्हिडिओ काढतं. खरा हिशोब रात्री होतो. गरम पाण्याचा पहिला तांब्या मांडीवर पडला की आंघोळीची मोरी दणाणते, आणि सकाळी पोटरीच्या आतल्या अंगाला बोटभर रुंदीचा जांभळा पट्टा उमटलेला दिसतो. घोडेवाल्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं. "सायेब, पहिल्यांदा बसलाय न्हवं, हुतंय तसं."

होतं खरं, पण सगळंच व्हायला हवं असं नाही. घोड्यावरून आल्यावर पाय तीन तऱ्हेने दुखतात आणि आपण तिन्हींना एकाच माळेत ओवतो. पहिलं दुखणं स्नायूंचं. मांडीच्या आतले स्नायू एरवी कधी एवढे ताणले जात नाहीत. ते दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांत सारखेच भरून येतात, वर खूण काहीच नसते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप निवळतात. हे टळत नाही. दुसरं म्हणजे मुका मार. कठीण वस्तू एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबली किंवा आपटली की कातडीखाली रक्त साकळतं आणि वळ उठतो. तिसरं सोलवटणं. इथे कातडी एका बाजूला ओढली जाते, कापड दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मधे सालपट निघतं. मुक्या माराला कारण दाब, सोलवटण्याला कारण हालचाल. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की उपायही वेगवेगळे सुचतात, आणि मुख्य म्हणजे खूण कुठे उठली आहे त्यावरून चूक कुठे झाली ते सांगता येतं.

पोटरीपासून सुरुवात करू, कारण तक्रारी तिथल्याच जास्त.

पोटरीच्या आतल्या किंवा पुढच्या अंगाला उभा वळ असेल तर तो रिकिबीच्या, म्हणजे पाय ठेवायच्या लोखंडी कड्याच्या, पट्ट्याचा. रिकीब टांगलेली असते तेव्हा तिची चौकट घोड्याच्या पोटाला समांतर असते. आपण पाय घालतो तेव्हा ती पाव वेढा फिरवावी लागते, आणि ती कुठल्या बाजूने फिरवली यावर सगळं अवलंबून असतं. पट्ट्याची पुढची कड, म्हणजे घोड्याच्या मानेकडची, बाहेरच्या बाजूला वळली पाहिजे. तसं केलं की पट्टा नडगीला सपाट लपेटून बसतो. उलट्या बाजूने फिरवली तर पट्ट्याला पीळ पडतो, त्याची मागची कड पायावर आडवी येते आणि प्रत्येक पावलाला करवतीसारखी घासते. नवख्या माणसाचा पाय घोडेवाला स्वतःच पटकन रिकिबीत सरकवतो. घाईत एक पाय बरोबर पडतो, दुसरा उलटा. म्हणून पुष्कळांच्या एकाच पोटरीवर वळ असतो आणि दुसरी स्वच्छ. हे तपासायला उतरावं लागत नाही. हात खाली सोडून गुडघ्याच्या खालपासून पट्ट्यावरून बोटं फिरवायची. सपाटपणा लागला तर ठीक, धार लागली तर पाय काढून पुन्हा घालायचा. घोडा उभा असतानाच, अर्थात.

पट्ट्याचं बक्कल हे दुसरं दुखणं. ते मांडीखाली किंवा गुडघ्याजवळ आलं तर रुपयाएवढा काळानिळा डाग पडतो. चांगल्या खोगिराला पट्टा जिथे अडकवतात तिथे वर एक लोखंडी दांडी असते आणि तिच्यावर कातड्याची झडप असते. लांबी ठरवून झाली की पट्ट्याचा आतला पदर खाली ओढायचा, म्हणजे बक्कल सरकत वर दांडीपाशी जाऊन झडपेखाली लपतं. उरलेलं शेपूट मागच्या बाजूला वळवून पट्ट्याच्या फाशीत खोचायचं. भाड्याच्या घोड्यांवर पुष्कळदा कातड्याऐवजी नायलॉनची पट्टी असते आणि बक्कल मधेच कुठेतरी शिवून बसवलेलं असतं. ते हलत नसेल तर त्यावर जुना जाड मोजा चढवावा. दिसायला गबाळं दिसेल, पण काम भागतं.

आता लांबी. जमिनीवर उभं राहून हाताची बोटं त्या दांडीला टेकवायची आणि दुसऱ्या हाताने रिकीब आपल्या काखेकडे ताणायची. रिकिबीचा तळ काखेत आला तर लांबी जवळपास बरोबर. वर बसल्यावर पक्की खात्री करायची: दोन्ही पाय रिकिबीबाहेर सैल सोडायचे, तळ घोट्याच्या हाडाशी आला पाहिजे. पट्ट्याची भोकं साधारण अडीच सेंटीमीटरवर असतात, तेव्हा एका भोकानेही फरक जाणवतो. रिकीब आखूड असेल तर गुडघा वर येऊन खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि गुडघ्याच्या आतल्या हाडावर वळ उठतो. लांब असेल तर पाय चवड्यावर ताणून रिकीब शोधत राहतो, सगळं वजन जांघेत येतं आणि तिथली कातडी जाते. जांघ सोलवटलेल्याने मलम विकत घ्यायच्या आधी रिकीब एक भोक वर घ्यावी.

सांगायला मात्र लाजू नये. मागे गर्दी उभी असते, घोडेवाल्याला पुढची फेरी दिसत असते, आणि माणूस "चालेल, चालेल" म्हणत निघतो. "दादा, जरा थांबा. डावी दोन भोकं वर घ्या की, पाय पोचंना," एवढं म्हणायला दहा सेकंदं लागतात. डावी म्हणायचं कारण असं की घोड्यावर सगळेच डावीकडून चढतात, त्यामुळे डावा पट्टा ताणून ताणून लांब होतो. भोकं मोजून दोन्हीकडे सारखी असली तरी रिकिबी खालीवर लोंबत असतात. भोकांवर विसंबू नये. समोर उभं राहून दोन्ही रिकिबी डोळ्याने जुळवाव्यात. ज्यांचं स्वतःचं खोगीर आहे त्यांनी अधूनमधून डावा-उजवा पट्टा अदलाबदल करत राहावं.

जुन्या मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदाराचं घोडं आणि हत्यार स्वतःचं, बारगिराला दोन्ही सरकारी पागेतून मिळायचं. सातारा जिल्ह्याला ही भाषा परकी नाही. कराडजवळचं तळबीड हे सरनोबत हंबीरराव मोहित्यांचं गाव. त्या हिशोबाने आजचा पर्यटक हा तासाचा बारगीर. घोडं दुसऱ्याचं, खोगीर दुसऱ्याच्या मापाचं, रिकीब आधीच्या स्वाराच्या पायाची. ती आपल्या मापाला आणणं हे प्रत्येक वेळी नव्याने करायचं काम आहे.

'मांड' हा शब्दही घोडेस्वारांच्याच भाषेतला, आणि बहुतेक वळ या शब्दाच्या चुकीच्या अर्थातून उठतात. मांड ठोकणे म्हणजे मांड्यांनी घोडा आवळून धरणे, अशी समजूत असते. पहिल्यांदा बसलेल्याला घोडा हलला की भीती वाटते, गुडघे आपोआप चिमट्यासारखे मिटतात. मग होतं काय, तर गुडघा हा बिजागरीसारखा एका जागी अडकतो आणि त्याच्याखालचा पाय लंबकासारखा पुढे-मागे झुलू लागतो. त्या झुलण्यात पोटरी पट्ट्यावर घासते, घोटा रिकिबीच्या लोखंडावर आपटतो आणि गुडघ्याच्या आतल्या हाडावर सगळा दाब येतो. तिन्ही खुणा एकदम असतील तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

पक्की मांड सैल असते, हे ऐकायला उलटं वाटतं. बैठकीच्या दोन हाडांवर वजन, मांडी खोगिराला लपेटलेली पण आवळलेली नाही, गुडघा टेकलेला, पोटरी घोड्याच्या अंगाला हलकी लागलेली, चवड्याचा रुंद भाग रिकिबीच्या तळावर आणि टाच चवड्यापेक्षा किंचित खाली. बाजूने पाहणाऱ्याला खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात दिसली पाहिजेत. टाच खाली गेली की वजन गुडघ्यात न अडकता खाली उतरतं आणि पाय झुलायचा थांबतो. पण टाच जोर लावून खाली दाबायची नाही. तसं केलं तर घोटा ताठतो आणि पोटरीला गोळे येतात.

याची परीक्षा दुडकीत होते. साधी चाल चार ठेक्यांची असते, तिच्यात कुणाचं फारसं बिघडत नाही. दुडकीत घोडा तिरप्या जोडीतले पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकदम टाकतो, म्हणून तिला दोनच ठेके, आणि प्रत्येक ठेक्याला स्वार वर उडतो. नवखा माणूस त्या ठेक्याला विरोध करतो. घोडा वर येत असताना तो खाली आपटतो. माकडहाड शेकतं, मांडी घासते. उपाय म्हणजे एका ठेक्याला उठणं आणि दुसऱ्याला बसणं. उठायचं किती, तर चार बोटं. उभं राहायचं नसतं. कंबर थोडी पुढे न्यायची आणि परत हलकेच टेकवायची. 'एक-दोन, एक-दोन' असं मनात मोजलं तर पाचेक मिनिटांत लय सापडते. सापडेना तर घोडेवाल्याला सांगून चालीवर यावं. लय नसलेली दहा मिनिटांची दुडकी तासाभराच्या चालीपेक्षा जास्त कातडी खाते.

खोगीरच हलत असेल तर स्वाराने कितीही स्थिर बसून उपयोग नाही. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पुष्कळ घोडी पोट फुगवून धरतात. पाच-दहा मिनिटं चालल्यावर श्वास सुटतो आणि तंग ढिला पडतो. तेवढ्यानंतर थांबून तो पुन्हा तपासायचा. तंग आणि कातडी यांच्यात दोन बोटं जेमतेम जावीत. मूठ जात असेल तर खोगीर दर पावलाला इंचभर डावी-उजवीकडे सरकतंय आणि तेवढंच आपल्या मांडीखालून घासतंय असं समजावं. खोगिराची भरतीही हाताने दाबून पाहावी. भाषेत 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी गर्दीसाठी राहिला आहे, पण घोड्याच्या पाठीवर तीच भरती सगळ्यात महत्त्वाची. ती गोळे होऊन एका बाजूला गेली असेल तर स्वार कळत नकळत कलून बसतो आणि त्याच बाजूच्या मांडीवर चट्टा उठतो.

कपड्यांबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून ते मुद्दाम इतक्या उशिरा. जीन्स हा घोड्यावरचा वाईट कपडा आहे. तिची आतल्या बाजूची शिवण दुमडून दुहेरी टिपेची असते आणि ती नेमकी मांडी नि गुडघ्याच्या दाबाच्या रेषेवर येते. घोडेस्वारीच्या खास विजारीत, म्हणजे ब्रीचेसमध्ये, ती शिवण आतल्या अंगाला येऊ देत नाहीत, गुडघ्याच्या आत जाड कापडाचा तुकडा असतो. दोन तासांच्या हौसेसाठी ब्रीचेस घ्यायची गरज नाही. अंगाबरोबर बसणारी जाडसर ताणाची लेगिंग किंवा ट्रॅकपँट चालते. घोळदार सलवार नको. घोळ गोळा होऊन गुडघ्यामागे चुण्या पडतात, आणि एक चुणी तासाभरात फोड आणते. चुडीदार बरा. हाफ पँटवर बसणाऱ्याला सल्ला देण्यात अर्थ नाही, त्याला रात्रीच कळेल.

आतल्या कपड्यांकडे कुणी बघत नाही. जांघेत इलॅस्टिकची कड येणारा कपडा सगळ्यात जास्त सोलतो. पुरुषांनी मांडीपर्यंत येणारी घट्ट आतली चड्डी घालावी, बायकांनीही लेसची किंवा जाड कडेची टाळावी. सायकलस्वारांची गादीवाली चड्डी इथे फारशी कामाची नाही. ती अरुंद सीटसाठी बेतलेली असते, रुंद खोगिरावर तिच्या गादीच्या कडाच टोचतात.

पोटरीसाठी हाफ चॅप्स मिळतात. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत कातड्याचं आवरण, चेन बाहेरच्या बाजूला. रोज बसणाऱ्याने ते घ्यावेतच. एका दिवसासाठी फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे मोजे पुरतात. आपल्याकडे आणखी एक सोय आहे: सांगली-साताऱ्यात कबड्डीचे खेळाडू गल्लोगल्ली, त्यामुळे खेळाच्या दुकानात कापडी नीकॅप सहज मिळतात. ती गुडघ्याच्या आतल्या हाडाला छान वाचवते, फक्त मागच्या लवणीत गोळा होत नाही ना ते बघावं. क्रेप बँडेज बांधायचं तर दहा सेंटीमीटर रुंदीचं घ्यावं, घोट्याच्या वरून सुरू करून अर्धा वेढा आधीच्या वेढ्यावर येईल असं वर न्यावं आणि गुडघ्याखाली तीन बोटांवर संपवावं. टोक बाहेरच्या अंगाला चिकटपट्टीने बसवावं. सोबत येणारी लोखंडी क्लिप लावू नये. बोटांना मुंग्या आल्या तर फार आवळलं आहे.

बूट टाचेचा हवा आणि तळ गुळगुळीत. टाच पाऊल पुढे घसरून अडकू देत नाही. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटरच रुंद असावी. जास्त रुंद असेल तर पाऊल आत जातं, अरुंद असेल तर पडताना पाय सुटत नाही, आणि मग गोष्ट वळांवर थांबत नाही. चपलेवर बसूच नये.

हवामानाचाही यात हात असतो, आणि या बाबतीत सातारा जिल्हा एकटाच दोन मुलखांसारखा आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या धुक्यात कपडे नकळत दमट होतात. किंचित ओली कातडी कोरड्यापेक्षा जास्त अडकते, म्हणून तिथे फोड लवकर येतात. शिवाय पठारावरची जांभ्याची तांबडी धूळ. ती घामात मिसळून कापडाच्या विणीत बसली की पँटचा पॉलिशपेपर होतो. फेरीआधी खोगीर आणि मांड्या झटकून घेणं हा फुकटचा उपाय आहे. पूर्वेला माण-खटाव किंवा त्यापलीकडे सांगलीतल्या आटपाडी-जतकडे गेलं की हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि मिठाचे कण मागे ठेवतो. तिथे मधल्या थांब्यावर ओल्या फडक्याने मांड्या पुसून, पूर्ण कोरड्या करून मगच पुन्हा बसावं. याच भागातले मेंढपाळ धनगर घोड्यावर बिऱ्हाड लादून फिरतात आणि पाठीवर घोंगडं टाकतात. लोकर घाम पिते आणि घोड्याच्या पाठीला सोसते. आपल्या उघड्या पायाला मात्र ती टोचते, मधे कापड हवंच.

व्हॅसलीनसारखी जेली उपयोगी, पण घाम यायच्या आधी, कोरड्या कातडीवर आणि कपड्याच्या आत. जांघेत नि मांडीच्या वरच्या भागात नखाएवढा गोळा पातळ पसरला तरी पुरे. खोबरेल लगेच मुरतं आणि अर्ध्या तासात असून नसल्यासारखं होतं. टाल्कम पावडर घामात भिजून तिच्या गोळ्या होतात आणि त्याच घासायला लागतात. नेहमी एकाच जागी लागत असेल तर तिथे खेळाडूंची चिकटपट्टी लावावी. कात्रीने तिचे कोपरे गोल कापले तर ती कडेने सुटत नाही. त्या दिवशी पायांची हजामत नको.

एवढं करूनही लागलंच तर दोन्ही दुखण्यांची शुश्रूषा वेगळी. मुक्या माराला पहिला दिवसभर गार शेक: बर्फ पंच्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, तासा-दोन तासांनी पुन्हा. तेल लावून चोळायची खुमखुमी दोन दिवस आवरावी; चोळल्याने आतलं रक्त आणखी पसरतं. सोलवटलेली जागा साध्या साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी, टिपून कोरडी करावी, मलम लावून न चिकटणारी पट्टी ठेवावी. फोड फोडू नये. सांगलीच्या हळदपेठेच्या मुलखात जखमेवर हळद घालू नका म्हणणं धाडसाचंच आहे, पण उघड्या कातडीवर स्वयंपाकघरातली पूड नकोच. आंबेहळदीचा लेप लावायचाच तर सालपट न निघालेल्या वळावर लावावा. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत सहज असतात. मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पोटरी दगडासारखी घट्ट सुजली असेल किंवा पाऊल बधिर वाटत असेल तर घरी थांबू नये.

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. कातडीला सवय व्हायला आठवडे लागतात आणि सालपट निघालेल्या जागेवर पुन्हा बसलं तर ती सवय शून्यावर येते.

खोगीर उतरवताना एक मिनिट घोड्याकडेही बघावं. जे खोगीर आपली मांडी सोलतं ते बहुधा त्याची पाठही सोलत असतं. घामाने भिजलेल्या पाठीवर मधेच तळहाताएवढी जागा कोरडी राहिली असेल तर तिथे दाब जास्त पडलाय. काळ्या-तांबड्या केसांत पांढऱ्या केसांचा ठिपका असेल तर तो जुन्या जखमेचा. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात दाबत मागे न्यायचा. घोड्याने पाठ खाली घेतली किंवा कान मागे पाडले तर तिथे दुखतंय. उद्या खोगीर चढवायचं नाही. घोडेवाल्याला तसं सांगितलं तर आधी त्याच्या कपाळाला आठ्या पडतील, मग तो स्वतःच त्या जागेवरून हात फिरवून बघेल.